मुलगा मोठा झाला की

"पुन्हा एकदा, छोटूताई. 'येणार नाही'मधला 'नाही' ओठांच्या मागे पडतोय," काचेपलीकडून तरुण दिग्दर्शक म्हणाला.

पडद्यावर तेरा वर्षांचा एक मुलगा दारात उभा होता, आणि माइकसमोर अठ्ठावन्न वर्षांची छोटूताई चवड्यांवर उभी होती. टाचा टेकल्या की मुलाचा आवाज खाली बसतो, असं तिचं स्वतःचं शास्त्र होतं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पडद्यावर जेवढी म्हणून पोरं हरवली, सापडली, बापाचा मार खाऊन रडली, त्यातल्या निम्म्यांच्या गळ्यातून ही बाई बोलली होती. पोरं दिसायला गोजिरवाणी असत, पण स्टुडिओत येऊन स्वतःच्याच ओठांशी जुळवून बोला म्हटलं की त्यांची दातखीळ बसे. मग छोटूताईला बोलावणं जाई. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते तिथून कधी बाहेर पडलं नाही.

अलीकडे घसा दगा द्यायला लागला होता. वरच्या पट्टीत गेलं की आवाजाला मध्येच तडा जाई. डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून पाहिलं आणि "वयाचं आहे हे, जपा," म्हणून त्या मोकळ्या झाल्या. छोटूताईने ही गोष्ट कोणाच्याही कानावर घातली नव्हती. घातली असती तर आठवड्याभरात तिच्या जागी दुसरी उभी राहिली असती, आणि हिला तर दुसरं काहीच येत नव्हतं. आजचा दिवस नीट जावा, एवढंच ती सकाळपासून मनातल्या मनात म्हणत होती.

चहाच्या सुट्टीत एक मुलगी खुर्ची ओढून तिच्याजवळ आली. सिनेमात मुलं मोठी कशी होतात, आपण कोण हे त्यांना कधी उमगतं, यावर ती प्रबंध लिहीत होती.

"ताई, मी बावन्न सिनेमे बघितले. त्यातले एकोणीस मुलगे मला एकसारखेच वाटायला लागले. मी त्यावर पाच पानंही लिहिली, की सगळ्या दिग्दर्शकांच्या मनात बालपणाचा एकच सूर आहे म्हणून. मग इथल्या रेकॉर्डिस्टकाकांनी सांगितलं, की सूरबीर काही नाही, ती आमची छोटू आहे!"

"मग? फाडलीस पानं?"

"फाडावीच लागली ना!" मुलगी खळखळून हसली आणि तिने वही उघडली. "एक सांगा, तो मुलगा धावता धावता एकदम मोठा होतो बघा, तेव्हा तुम्ही काय करता?"

"मी घरी जाते."

मुलगी पुन्हा हसली. छोटूताईने काही विनोद केला नव्हता. धावणारे चिमुकले पाय एकदा मोठे झाले की तिचं काम संपे. पुढे तो नायक प्रेमात पडे, भांडे, घर मांडे, पण ते सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात. शंभरेक बालपणं तिने काढली होती, तारुण्य मात्र एकाचंही नाही. तिच्या स्वतःच्या तारुण्याचं म्हणाल, तर ते आईवडिलांच्या दुखण्याखुपण्यात कधी सरलं हे तिलाही कळलं नाही. दोघं गेली आणि दोन खोल्यांत ती एकटी उरली.

"नंतर थिएटरात जाऊन बघता का हे सिनेमे?"

"बघते की. मध्यंतरापर्यंत."

तेवढ्यात हाक आली आणि ती आत गेली. आता तेच अडलेलं मुख्य वाक्य पुन्हा घ्यायचं होतं. वडील नव्या गावी निघालेत आणि मुलगा पहिल्यांदाच त्यांना नकार देतो, "मी येणार नाही. माझं मी बघेन." दिग्दर्शक आत येऊन समजावून गेला, "ताई, याच वाक्यात तो मोठा होतो. सगळा सिनेमा या वाक्यावर उभा आहे."

छोटूताईने घोटभर कोमट पाणी घेतलं. पडद्यावर मुलाने मान वर केली.

"मी येणार नाही. माझं..."

आणि आवाज फुटला. 'माझं' खालून खरखरत, जाडाभरडा आला, 'मी'वर एकदम वर उडाला आणि 'बघेन' नुसत्या श्वासात विरलं. झालं, सगळं संपलं, असं छोटूताईला वाटलं. आता दिवा लागेल, कोणीतरी काळजीने विचारेल, आणि मग सगळ्यांनाच कळेल.

दार उघडून दिग्दर्शक धावतच आत आला. "ताई, कमाल केलीत! आवाज फुटतानाच पकडलात तुम्ही त्याला!" मागे उभ्या मुलीचे डोळे भरून आले होते. "आता फक्त जपून ठेवायला एक टेक अजून देऊ या. अगदी असाच हवा," दिग्दर्शक म्हणाला.

असाच! छोटूताईने काचेकडे पाहिलं. पलीकडे म्हातारा रेकॉर्डिस्ट कानावर हेडफोन लावून बसला होता. तीस वर्षं तिचा प्रत्येक श्वास त्याच्या कानात गेला होता. मान वर न करता तो म्हणाला, "काही गरज नाही. हा चोख आलाय. मी पुढे गेलोय."

बाहेर मुलगी पेन सरसावून उभीच होती. "कसं केलंत हो? प्रबंधात घालायचंय मला."

क्षणभर छोटूताईला मोह झाला. एवढ्या वर्षांत कोणी तिचं काही लिहून घेतलं नव्हतं. "लिही," ती म्हणाली, "मी काही केलं नाही. तो आपला आपणच मोठा झाला."

मुलीला तो विनय वाटला. तिने त्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

जिन्यापाशी रेकॉर्डिस्टने तिला गाठलं. "कधीपासून?"

"झाले सहा महिने."

"मला तरी बोलायचंस, छोटू."

"बोलून काय, तू बोलणार होतास माझ्याऐवजी? रेड्यासारखा आवाज तुझा."

त्याला हसू आलं नाही. "सोमवारी त्या जुळ्या भावांचं काम आहे. पट्टी जरा खाली घेऊन बघू या का? मी करतो काहीतरी मशीनवर."

"नको. दुसरी कोणी बघ," ती म्हणाली आणि पर्समध्ये उगीचच काहीतरी शोधायला लागली.

घरी येऊन ती दुपारभर कॉटवर बसून राहिली. खूप एकटं वाटलं तिला. आपलीच पोरं एकामागून एक घराबाहेर पडावीत आणि एकानेही मागे वळून बघू नये, तसं. तेवढ्यात फोन वाजला. औषधांच्या दुकानाचा माणूस खाली येऊन उभा होता. अनोळखी माणसांचे असे फोन आले की पलीकडून हमखास विचारणा व्हायची, "बाळ, घरात मोठं कोणी आहे का?" आणि तीही गंमत म्हणून सांगायची, "आई बाहेर गेलीय, काका."

"हॅलो," ती म्हणाली.

"आजी, औषधं आणलीत तुमची. लिफ्ट बंद आहे. कोणाला खाली पाठवता का?"

ती घसा खाकरून म्हणाली, "दुसरं कोणी नाही. मीच येते."

"या सावकाश," तो म्हणाला. "थांबतो मी."