घरटी एक माणूस

हलगी घेऊन गौतमी दारात उभी राहिली तेव्हा चंपत अंगणात पऱ्हाटीच्या काड्यांच्या जुड्या बांधत बसले होते. त्यांनी आधी पुतणीच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या हलगीकडे, आणि बांधलेल्या जुडीची गाठ सोडून ती पुन्हा बांधायला घेतली.

आदिलाबादच्या कॉलेजचं सेवा योजनेचं शिबिर तलमडुगूच्या पलीकडच्या या गावात उतरलं होतं. गाव गौतमीच्या वडलांचं. खुशाल मास्तरांना जाऊन अजून वर्ष भरलं नव्हतं. ते गावाविषयी कधी बोलत नसत, मुलांना कधी इकडे आणत नसत. थोरला भाऊ चंपत आणि वहिनी विठाबाईच ज्वारी-तूर घेऊन आदिलाबादला येत. शिबिरासाठी गाव शोधणं चाललं होतं तेव्हा गौतमीनंच हे नाव पुढे केलं. सडकेपासून बौद्ध वस्तीपर्यंत मुरमाचा रस्ता करायचा ठरलं, आणि मनातल्या मनात तिनं त्या रस्त्याला वडलांचं नाव देऊन टाकलं. निदान तेवढं तरी आपल्या हातून व्हावं, असं तिला फार वाटत होतं. मैत्रिणींना मात्र ती एवढंच म्हणाली होती की या बाजूची थोडी माहिती आहे. चंपतांच्या घरी ती जायची ती पाहणीच्या कागदांची चळत छातीशी धरून.

रस्ता अर्ध्यात अडला. पोरापोरींच्या हातांना फोड आले. गावातलं कुणी फिरकेना. शिबिराचे प्रमुख सुधाकरराव सर तेलुगू माणूस, मनानं चांगले. ते म्हणाले की गावात दंडोरा द्या, दवंडी पिटा, लोक येतील. हलगी कुणाकडे असेल म्हणून विचारलं तर ती गावचे पाटील, भगवानराव पटेल, यांच्या ओसरीवर खुंटीला टांगलेली सापडली. कॉलेजच्या पथनाट्यात हलगी कडाडली की पोरं बाकांवर उभी राहत, त्यामुळे गौतमीच्या दृष्टीनं ते एक वाद्य होतं. भगवानरावांनी तिला नाव विचारलं, वडलांचं नाव विचारलं, आणि स्वतः खुंटीवरून हलगी काढून दिली. "ने माय. तुह्याच हातानं जाऊ दे," ते म्हणाले आणि मिशीत हसले. तिला तो म्हाताऱ्याचा भलेपणा वाटला.

आणि आता चंपत जुडी बांधत होते. गौतमीनं त्यांना समजावून सांगितलं की काम वस्तीचंच आहे, फक्त एक फेरी मारायची. काय पुकारायचं तेही तिनं ठरवून आणलं होतं : उद्या सकाळी श्रमदान, घरटी एक माणूस. विठाबाई चुलीपाशी होती, ती बाहेर आली नाही. शेवटी चंपत उठले. काड्या पेटवून त्यांनी हलगी शेकली, बोटानं वाजवून पाहिली. त्यांचा हात बसलेला आहे हे पाहून गौतमीला कौतुकच वाटलं.

पोरंपोरी फलक घेऊन मागे, चंपत पुढे. पहिल्या चौकातच त्यांचा आवाज बदलला. लांबवलेला, कुणाकडेही न बघणारा.

"उद्या सकाळी काम हाय होऽ. घरटी एक माणूस. फावडं-टोपलं घेऊन यावं. हयगय होऊ नये होऽ."

शेवटचं वाक्य गौतमीनं सांगितलेलं नव्हतं. ते त्यांच्या जिभेवर आपोआप आलं. पटेलांच्या आळीत लोक ओट्यांवर येऊन बघू लागले. "चंपत, हात इसरला नाही रे," भगवानराव वरून म्हणाले आणि दोघं-तिघं हसले. वस्तीत मात्र कुणी बाहेर आलं नाही. एका बाईनं खेळणारी पोरं ओढून आत घेतली आणि दार लावलं.

सकाळी वस्तीतून घरटी एक माणूस आला. बाकी गावातून कुणीही नाही.

सुधाकरराव सर हरखून गेले. त्यांनी फोटो काढून घेतले. पण लोक बोलत नव्हते. पोरं गाणी म्हणत होती, हे खाली मान घालून टोपली उचलत होते. ऊन चढल्यावर एक म्हातारी गौतमीजवळ आली आणि पदर सावरून उभी राहिली.

"बाई, पानी पिऊन येऊ का?"

पाणी प्यायची परवानगी गौतमीकडे आजवर कुणी मागितली नव्हती. ती विठाबाईकडे गेली आणि हे लोक असे का वागतात म्हणून विचारलं. विठाबाईनं टोपलं खाली ठेवलं.

"वेठीले असंच बलवत, बाई. अशीच हलगी, असंच घरटी एक माणूस. तुह्या बापानं याच्याच पायी गाव सोडलं. हलगी नेऊन पटलाच्या ओसरीवर ठेवली, अन् म्हनला, आता आमच्यातलं कोनी वाजवनार नाही. लई मारलं त्याले. पन त्याच्या मांगून कोनी वाजवली नाही." तिनं घाम पुसला. "कालपावतर."

"मग मोठे बाबा मला 'नाही' का म्हणाले नाहीत?"

"खुशालची पोरगी दारात उभी. तोंड बी त्याचंच. कसं म्हनतील?"

वेठीबद्दल गौतमीनं पुस्तकांतून वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. ती कुठल्या तरी लोकांची गोष्ट होती. तिनं घमेलं उचललं आणि दुपारपर्यंत खाली ठेवलं नाही, पण त्यानं काही होत नव्हतं.

जेवणाच्या पंगतीत सरांनी जाहीर केलं की उद्या समारोपाला प्रिन्सिपॉल येणार, मोठे पाहुणे येणार, आणि त्यांच्या स्वागताला मांडवाच्या तोंडाशी तो हलगीवाला म्हातारा उभा राहील. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आता सांगायचं, असं गौतमीनं ठरवलं. वाक्य तयार होतं : सर, ते माझ्या वडलांचे भाऊ आहेत, आणि हे आम्ही सोडलेलं आहे. ती उभी राहिली. सगळ्या पंगतीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. शेजारची पद्मजा हात भाताच्या गोळ्यावर तसाच ठेवून बघत होती.

"त्यांना बरं नाही, सर," गौतमी म्हणाली. "ताप आहे."

सर भले होते, तिथंच घोटाळा झाला. त्यांनी ताट सारलं, औषधांची पेटी मागवली, आणि अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला बघायला जाणं हीच खरी सेवा, असं म्हणत पद्मजासकट चार पोरं घेऊन निघाले. गौतमीला दुभाषी म्हणून पुढे घातलं.

चंपत अंगणात उघड्या अंगानं लाकडं फोडत होते.

"बुखार में काम कायकू करते, दादा?" सर कळवळून म्हणाले.

चंपतांनी सरांकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, मग गौतमीकडे. ती जमिनीकडे बघत होती. विठाबाई दारात येऊन काही बोलणार होती, त्यांनी हातानं तिला थांबवलं. कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि ते खाटेवर बसले. उन्हात तापलेल्या कपाळाला सरांनी हात लावला आणि चुकचुकले. गोळी दिली. चंपतांनी ती मुकाट्यानं पाण्याबरोबर गिळली.

उद्या हलगी-बिलगी काही नाही, पडून राहायचं, असं सरांनी बजावलं. गौतमीनं मराठीतून सांगितलं. सांगताना तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"तुमी म्हनता तर नाही वाजवत," चंपत म्हणाले.

सरांनी समाधानानं मान हलवली. तब्येतीचं आपल्याला कळलं कसं ते म्हाताऱ्याला समजावं म्हणून गौतमीकडे बोट केलं आणि विचारलं, इस लडकी को पहचानते?

गौतमीनं मान वर केली. बोलायला अजूनही वेळ होता. तिनं तोंड उघडलंही, पण चंपतांना ते दिसलं नसावं. किंवा दिसलं असावं.

"हो जी," ते म्हणाले. "या बाई येतात आमच्या वस्तीत, कागद भरायले. लई ध्यान ठेवतात गरिबाचं." मग तिच्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "तुमी आता जा, बाई. जेवन राह्यलं असंन तुमचं."

ते खाटेवर आडवे झाले आणि भर दुपारी वाकळ गळ्यापर्यंत ओढून घेतली. सर पेटी बंद करून निघाले, पोरं निघाली. पद्मजानं गौतमीचा हात धरून चल म्हटलं. विठाबाई दारातच उभी होती. तिच्या अगदी जवळून, बाकीच्यांबरोबर, गौतमी बाहेर पडली.