खरजेचं मलम

सुनेने नातीला माझ्या मांडीवर द्यायचं बंद केलं तेव्हा मला वाटलं, हिला निमित्तच हवं होतं. माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची, रात्री तर फारच. ती म्हणाली, बाबा, बरं होईपर्यंत राहू दे. बोलणं गोड होतं, पण गोड बोलण्यावरचा माझा विश्वास बायको गेली तेव्हाच उडाला. तिच्या दुखण्यात ज्याच्या दाराशी आम्ही चकरा मारल्या, त्याच्या पाटीवर ढीगभर पदव्या होत्या. त्यातली एकही खरी नव्हती, हे ती गेल्यावर कळलं. तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो.

म्हणून मुलाने त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी आधी त्यांची भिंत वाचली. डॉक्टरीणबाई माझ्या मुलापेक्षाही लहान दिसत होत्या. मी उभ्याउभ्याच विचारलं, शिकलात कुठे, आणि हे कागद खरे कशावरून? मुलगा छताकडे बघायला लागला. बाईंनी मात्र न रागावता सांगितलं. आधी सगळ्या शरीराची डॉक्टरी, मग नुसत्या त्वचेचं शिक्षण, मग सरकारी इस्पितळात नोकरी. नोंदणीचा नंबर लिहून दिला आणि म्हणाल्या, खुशाल चौकशी करा. इतकं सरळ कुणी सांगतं का? माझा संशय वाढलाच.

त्यांनी भिंगातून बोटं, मनगटं, कंबर पाहिली आणि खरूज आहे म्हणाल्या. दोन महिन्यांपूर्वी, बायकोच्या शेवटच्या दिवसांत, मी तिच्या खाटेशेजारी इस्पितळातल्या अंथरुणावर झोपत होतो, तिथून आली असेल, असं त्या म्हणाल्या; स्वच्छ माणसालाही होते. मलम मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, एकही जागा सोडायची नाही, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, खाज नसली तरी. नातीचं कसं करायचं ते वेगळं सांगितलं. कपडे, चादरी गरम पाण्यात. मी मनात म्हटलं, खाज एकाला आणि मलम सगळ्या घराला, दुकान बरं चाललंय.

तरी सगळ्यांनी लावलं. बाकी कुणाला काही झालं नाही. माझी खाज थोडी दबली आणि पुन्हा उठली. नवे फोडही आले. नात अजून लांबच. मी मुलाला घेऊन तडक बाईंकडे गेलो आणि मलमाची नळी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"यात औषध आहे की नुसतंच लोणी?"

त्या हसल्या नाहीत. सदरा काढायला लावला, मागे जाऊन बराच वेळ पाहत राहिल्या. आता काहीतरी मोठं नाव काढणार, असं मला वाटलं.

"काका, पाठीला मलम कोण लावतं?"

मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, दाखवा बरं. मी खांद्यावरून हात नेला, मग कंबरेकडून वर नेला. मधली जागा राहिलीच. तेल असो, बाम असो, पाठीचं मला कधी बघावं लागलं नव्हतं. बायकोला सांगावंसुद्धा लागायचं नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, मला सांगायचं ना."

"काय सांगू? पाठ चोळ म्हणून?"

बाई म्हणाल्या, हो, तेवढंच सांगायचं होतं. मलम तेच, फक्त या वेळी पाठ सोडायची नाही, आणि सगळ्यांनी पुन्हा एकदा लावायचं.

त्या संध्याकाळी मी पलंगाच्या कडेला पाठ करून बसलो. मुलाचा हात जड, भिंतीला रंग द्यावा तसा तो फिरवत होता. सून दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, ही पहारा ठेवते आहे.

"मागे खांद्याच्या हाडाखाली राहिलंय," ती मुलाला म्हणाली. "नीट लाव. पोरगी सारखी बाबांच्या खोलीकडे रांगत जाते, मी किती दिवस उचलून आणू?"

खरं बोलत होती की मला बरं वाटावं म्हणून, कुणास ठाऊक. मी श्वास रोखून पाठ ताठ धरली, म्हणजे त्याला सगळीकडे पोचता यावं.