सावकाश मिटणारं झाकण

श्रीकांत मुळ्ये कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात पाण्यावर चालणाऱ्या टर्बाइनची दारं आखायचा. ही दारं एकदम मिटली तर पाण्याचा धक्का बसून नळ फुटतो, म्हणून ती सावकाश कशी मिटवावीत, याचाच त्याला पगार मिळे. आणि अशा माणसाच्या भोपाळच्या पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये दिवाणाचं झाकण धाडकन पडून बायकोची दोन बोटं चेचावीत, याला काय म्हणावं? श्रीकांत स्वतःला बरंच काही म्हणून चुकला होता.

दिवाण टाउनशिपमधल्या घरोघरी असतो तसाच. वर गादी, आत गोधड्या आणि प्रमिलाची हार्मोनियम. गादी गुंडाळायची, झाकण उचलायचं, काठीचा टेकू द्यायचा. गेल्या संक्रांतीला टेकू निसटला. बोटं महिनाभरात बरी झाली, पण प्रमिलानं पुन्हा दिवाणात हात घातला नाही. श्रीकांतनं दोनदा पेटी काढून तिच्यापुढे ठेवली. दोन्ही वेळा तिनं ती पुसली आणि परत ठेवायला लावली.

"दुसऱ्यानं काढून दिलेली पेटी वाजवायला मी काय पाहुणी आहे या घरात?"

उज्जैनच्या माहेरी रोजचा रियाज करून वाढलेली बाई. आता पोळ्या लाटताना गुणगुणणंही बंद झालं. श्रीकांतला घर खायला उठे. तिनं पुन्हा गावं, एवढं एकच त्याला हवं होतं.

मग तो कामाला लागला. साधी बिजागरी झाकणाला धरून ठेवते, आवरत नाही. आवरायला काहीतरी हवं. त्यानं सायकलच्या जुन्या पंपाची नळी घेतली. पंपातला चामड्याचा वायसर एका बाजूला वाट देतो, दुसऱ्या बाजूला अडवतो, हे त्याच्या कामाचं. झाकण उघडताना हलकं, मिटताना मात्र नळीतलं तेल एका बारीक भोकातून वाट काढणार. गोविंदपुऱ्यात लेथ चालवणाऱ्या शंकरनं दट्ट्या बनवून दिला.

"साहेब, पलंगाला एवढं?" शंकरनं विचारलं.

"पलंगाला नाही," श्रीकांत म्हणाला.

तेल मात्र त्यानं गिअरचं घातलं, चांगलं दाट. अवजड यंत्रांत जन्म गेलेल्या माणसाला पातळ तेलाचा भरवसा वाटत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यानं घड्याळ लावून पाहिलं. झाकण बरोबर आठ सेकंदांत, कापसासारखं खाली आलं. प्रमिलानंही एकदा उघडझाप केली. "छान झालंय," म्हणाली. हात काही आत घातला नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. भोपाळच्या थंडीनं त्या वर्षी कहर केला होता, दुपारीही बायका शाली सोडायला तयार नव्हत्या. पुरुषांना अर्थातच स्वयंपाकघरात हद्दपारी. तिळाच्या वड्यांच्या ताटाशी बसून श्रीकांत दाराच्या फटीतून बघत होता.

"प्रमिला, वर्ष झालं तुझं गाणं ऐकून," शेजारच्या मालतीबाई म्हणाल्या. "आज तरी होऊ दे ना, प्लीज."

प्रमिला उठली, गादी गुंडाळली, झाकण उचललं. क्षणभर थांबली. मग दोन्ही हात आत घालून तिनं पेटी बाहेर काढली. श्रीकांतच्या हातातली वडी हातातच राहिली.

तिनं झाकणाला जरा पुढे ढकललं आणि सोडून दिलं. श्रीकांत मनात मोजू लागला. आठ झाले. वीस झाले. झाकण बोटभर खाली आलं असेल नसेल. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थंडीनं तेल गोठत आलं होतं. दुनियेला हिशेब शिकवणारा इंजिनिअर, आणि ऑक्टोबरचं ऊन जमेला धरून बसला! चारचौघींत शोभा झाली.

"काय बाप्पा, हे मिटून राहिलंय का झोपून राहिलंय?" नागपूरच्या निर्मलाबाई म्हणाल्या आणि खोली हशानं भरून गेली.

प्रमिलाही हसली. किती दिवसांनी.

"मिटेपर्यंत एक भजन होईल," ती म्हणाली आणि तिनं भाता हलवला.

पहिला सूर जरा चाचपडत आला, दुसऱ्या ओळीला गळा मोकळा झाला. बायका टाळ्यांचा ठेका धरून झाकणाकडे बघत होत्या. शेवटचं कडवं संपलं तेव्हा चार बोटांची फट उरली होती. तेवढ्यात प्रमिलानं पेटीवरचा उजवा हात उचलला आणि तीच दोन बोटं फटीत, झाकणाच्या काठाखाली ठेवली. श्रीकांत अर्धा उठला. झाकण येत राहिलं. लाकूड बोटांना टेकल्यावर तिनं ती आरामात, काहीच घाई नसल्यासारखी काढून घेतली. झाकण टेकलं, आवाजसुद्धा झाला नाही.

श्रीकांतचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यानं खिशातली पेन्सिल काढून वड्यांखालच्या कागदाच्या कोपऱ्यावर लिहिलं : पातळ तेल, उद्याच.

"अहो," बाहेरून प्रमिलाची हाक आली, "तेल बदलायचं नाही हं. दुसरं भजन राहिलंय अजून."

आणि झाकण उघडल्याचा आवाज आला.