पालक अज्ञात

शनिवारी न्हाणी तापवायची ती हेल्वेनेच, हे त्या घरात आता कुणी बोलूनही दाखवत नसे. सीमेवरच्या नार्वा शहरातून सकाळची बस धरून ती दुपारी शेतघरावर पोचली, डोक्याला रुमाल बांधला, न्हाणीच्या चुलीत बर्चची लाकडं सारली आणि एकोणनव्वद वर्षांच्या सालमेमावशीला वाफेत बसवून तिची पाठ चोळू लागली. हेल्वे स्वतः बहात्तरची. गुडघे कुरकुरत होते, पण मावशीपुढे तिने कधी हूं की चूं केलं नाही.

"उद्या कबरींचा दिवस," सालमे म्हणाली. "सगळं गाव येईल. तू आपली मागच्या बाकावर बस. लोक विचारतात, ही कोण म्हणून."

"सहासष्ट वर्षं झाली, मावशी. अजून विचारतात?"

"गाव आहे. विचारणारच."

गावाला एकच उत्तर ठाऊक होतं. एकोणपन्नास साली सोव्हिएत सैनिकांनी सालमे आणि तिची थोरली बहीण मेता यांना घरादारासकट उचलून सैबेरियात टाकलं. आठ वर्षांनी दोघी परतल्या तेव्हा मेताच्या हाताला धरून एक सहा वर्षांची पोर होती. कुणा मेलेल्या बाईची अनाथ मुलगी, दया येऊन आणलेली, असं सांगितलं गेलं. केवढं ते पुण्य! गावाने मेताचं तोंडभरून कौतुक केलं.

पोरीला मात्र मेताने आगगाडीतच पढवलं होतं, "उतरलीस की मला आई नाही, मावशी म्हणायचं." हेल्वेला तो खेळ वाटला. तो खेळ कधी संपलाच नाही. मेताने एल्मारशी लग्न केलं, त्यांना टाइवो झाला, आणि मुलीच्या कागदावर मेताने स्वतः सही केली: पालक अज्ञात. हेल्वेने ते गुपित पोटात ठेवलं, कारण एकदा भाकरीचं पीठ मळता मळता आई कानाशी म्हणाली होती, "वेळ आली की मी सांगेन गं." त्या एका वाक्यावर या बाईने अख्खं आयुष्य काढलं.

एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा कचेरीत विचारलं गेलं, आईवडील इथले नागरिक होते का? कागद म्हणाला, अज्ञात. ज्या मातीत तिच्या आजोबांचं हाड पुरलेलं, तिथे ती परकी ठरली. मग तिने नवऱ्याच्या देशाचा, रशियाचा पासपोर्ट घेतला. आता तो नवरा, गेन्नादी, सीमेपलीकडे पुरलेला आहे, आणि त्या पासपोर्टावर ती वर्षातून एकदा त्याच्या कबरीवर जाते.

न्हाणी आटोपून तिघं ओट्यावर चहाला बसली. टाइवो चर्चच्या मंडळात होता. हेल्वेला त्याने कधी ताई म्हटलं नव्हतं. तिने पिशवीतून एक कागद काढून मेजावर ठेवला.

"सैबेरियातून जन्मनोंदीचा उतारा आलाय. आई: मेता. पण इथला कागद अज्ञात म्हणतो. कचेरीतली मुलगी म्हणाली, कोर्टातून नातं सिद्ध करून आणा. मावशी, माझ्या जन्माच्या वेळी कंदील तू धरला होतास. तेवढं सांग."

"या वयात कशाला ही थेरं?" टाइवो म्हणाला. "परीक्षा देऊन रीतसर अर्ज कर की. भाषा येते तुला."

"अर्ज करून घेतलं तर दुसरं नागरिकत्व सोडावं लागतं. दोन असलेली कायद्याला रुचत नाहीत. पण जन्माने आलेलं असेल तर ते कुणालाच काढून घेता येत नाही. आणि मी मागू कशाला रे? जे माझंच आहे ते?"

सालमेने कप खाली ठेवला. "तुझा बाप कोण होता, माहीत आहे? आमच्यावर पहारा ठेवणाऱ्यांपैकी एक. मेताला कुणी विचारलं नव्हतं. एल्मारने अट घातली, ते पोर माझ्या घरात पोर म्हणून राहणार नाही."

"पाप त्या माणसाचं, आणि नाव माझं खोडलंत?"

"ती मरताना रडली त्याबद्दल," म्हातारीच्या तोंडून निसटलं. "इस्पितळात चिठ्ठी लिहून ठेवली होती..."

"मावशी!" टाइवो ओरडला.

"कुठे आहे चिठ्ठी?"

सालमेने हळूच न्हाणीकडे पाहिलं.

म्हणजे त्या चुलीत. मेता गेल्यापासून अकरा वर्षं दर शनिवारी हेल्वे जिच्यात लाकडं सारत होती, त्या चुलीत. आईने शब्द पाळला होता आणि या दोघांनी तो जाळला होता. हेल्वेला रडू आलं नाही; तिने उताऱ्याची घडी घालून तो पिशवीत ठेवला. वाचकहो, कुळाची अब्रू म्हणून आपण जे जपतो, त्याच्याखाली कोण गाडलेलं असतं, हे आपण एकदा तरी उकरून पाहतो का?

रविवारी पाद्रीबाबांनी वर्षभरातल्या मृतांची नावं वाचली आणि माणसं आपापल्या कबरींकडे वळली. तिथली रीत अशी की कबरीभोवतीची वाळू दाताळ्याने विंचरायची, आणि मागे मागे सरत आपलीच पावलं पुसत बाहेर पडायचं. हे काम अर्थातच हेल्वेचं. टाइवोने सवयीने दाताळं पुढे केलं.

तिने मेताच्या कबरीभोवतीची वाळू विंचरली, फुलं ठेवली, आणि दाताळं कुंपणाला टेकवून सरळ चालत बाहेर आली.

"अगं, पावलं राहिली!" शेजारची म्हातारी म्हणाली आणि बाजूच्या बाईकडे वळली. "कुणाची ही?"

"मेताच्या मुलीची," हेल्वे खणखणीत आवाजात म्हणाली.

आजूबाजूच्या माणसांनी माना वळवल्या. टाइवोने लालबुंद होऊन दाताळं उचललं आणि चारचौघांदेखत पावलं पुसली. हेल्वे पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली.

"पूस हवं तर. मी आणखी उमटवीन."

त्याने दाताळं खाली ठेवलं. सालमे मान खाली घालून बसली होती.

पुढल्या शनिवारी न्हाणी तापली नाही. सालमे मांडीवर पंचा घेऊन रस्त्याकडे बघत बसून राहिली. हेल्वे नार्वात आपल्या स्वयंपाकघरात कोर्टाचा अर्ज भरत होती. आईचं नाव तिने सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं. मग साक्षीदाराच्या रकान्यात सालमेचं नाव घातलं, आणि पुढे नातं विचारलं होतं तिथे लिहिलं: सख्खी मावशी.