नाकतोड्याचं इंजिन

थोरल्याच्या तोंडून 'टर्बो' हा शब्द दिवसातून चाळीस वेळा निघायचा आणि दर वेळी बाईच्या कपाळाला आठी पडायची. हवा कोंबून आणलेली ताकद म्हणजे पोटात नाही दाणा आणि ढेकर मोठी, असं तिचं मत. आणि मत मनात ठेवायची तिला सवय नव्हती.

"हजार सीसीचं इंजिन, सिलिंडर तीन, वर ती शिट्टी मारणारी गोगलगाय. गाडी बांधलीस की कुकर?"

"ती गोगलगाय एकशे वीस घोडे देते, आई. याचं तेराशेचं इंजिन जेमतेम शंभर."

"माझे शंभर पाय टेकवला की धावतात," धाकटा गाडीखालून म्हणाला. "तुझे एकशे वीस आधी पत्ता विचारतात."

बाई खळखळून हसली. धाकट्याच्या बोलण्याला ती आधी हसायची, मग ऐकायची. थोरल्याचं आधी ऐकायची आणि मग तेही सोडून द्यायची.

वर्कशॉप तिच्या नवऱ्याचं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. दोन माणसं कशीबशी मावतील अशा बुटक्या, हलक्या, धावायच्या गाड्या तो बांधायचा. "वजन हा चोर आहे," तो म्हणायचा. "ताकद कमावायला वर्ष लागतं, वजन ती एका वळणावर खातं." तो जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्यामागे बाईने वर्कशॉप नुसतं टिकवलं नाही, गाजवलं. शाळा तिची चार बुकांवर संपली होती, पण कुठल्या नटाला कुठला पाना लागतो ते ती झोपेतही सांगायची.

आता मात्र एका छपराखाली दोन तोंडं झाली होती. गिऱ्हाईक विचारी, कुठलं इंजिन बसवू? थोरला एक सांगे, धाकटा दुसरं, आणि गिऱ्हाईक तिसरीकडे जाई. शेवटी एका सकाळी बाईने कमरेची किल्ली काढून टेबलावर आपटली.

"दोघांनी आपापली गाडी बांधली आहे ना? चला मग खाणीच्या रस्त्याला. दोन-दोन फेऱ्या. ज्याची गाडी लवकर वर, किल्ली त्याची. हरेल त्याने त्याच्या हाताखाली काम करायचं, तोंड मिटून. मी एकदा बोलले की बोलले."

म्हातारा रंगारी मिस्त्रीच्या वेळेपासूनचा. त्याने ब्रश खाली ठेवला. "बाई, पोरांची शर्यत लावून कुणी वर्कशॉप वाटतं का?"

"वाटत नाही, देतेय. वाटलं की दोन्ही अर्ध्यांना कुलूप लागतं."

न्याय करतेय असं तिने चेहऱ्यावर दाखवलं. पण किल्ली कुणाच्या हातात पडावी हे तिच्या मनात कधीच ठरलं होतं. धाकट्याचं इंजिन मिस्त्रीच्या स्वतःच्या गाडीत होतं त्याच जातीचं होतं. भंगारवाल्याकडे मिळालं, असं त्याने सांगितलं होतं. बापाचीच चाल चालतोय पोरगा, म्हणून तिला केवढं कौतुक! त्यातून तो समजूतदारही किती. इंजिन कधी घरापाशी चालू करायचा नाही. गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायचा आणि तिथून पुढे. "आईचं डोकं दुखतं," म्हणायचा.

मिस्त्रीची ती गाडी मागच्या खोलीत कापडाखाली उभी असे. हिरवी, लांब तोंडाची. तिचं नाव नाकतोडा. बाई रोज तिची धूळ पुसायची. इंजिन गंजून बसू नये म्हणून आठवड्याला प्लग काढून दोन चमचे तेल सोडायचं आणि पान्याने इंजिन दोन वेढे फिरवायचं, हा मिस्त्रीचा नेम. पाच वर्षं तिने तो पाळला. मग खांदा धरला, तेव्हा ते काम तिने धाकट्याला दिलं. थोरला म्हणाला होता, मी करतो. "तू त्यालाही टर्बो लावशील," असं म्हणून तिने त्याला उडवून लावलं.

हल्ली नाकतोड्याचं पुढचं चाक आणि त्यावरचा पत्रा यांत चारऐवजी सात बोटं शिरत होती. स्प्रिंगा म्हातारपणी ताठल्या, ती म्हणाली, आणि फडकं पिळलं.

खाण बंद पडल्यापासून तो चढाचा रस्ता ओसाडच होता. आधी वजनं झाली. थोरल्याची गाडी सातशे चाळीस किलो, धाकट्याची सहाशे दहा. रंगाऱ्याने बोटांवर हिशेब केला. "घोडे जास्त तर वजनही जास्त. किलोला घोडा दोघांचा सारखाच पडतो, बाई."

"वळणावर कळेल," बाई म्हणाली.

पहिल्या फेरीत थोरला एक मिनिट एकतीस सेकंदांत वर आला. सरळ रस्त्यावर त्याची गाडी गोळीसारखी, पण वळणातून निघताना क्षणभर दम घ्यायची. धाकटा एक मिनिट एकोणतीसमध्ये आला, शिट्टी नाही की धाप नाही. बाईच्या छातीत अभिमान मावेना. पोराला वळणात पाहावं म्हणून दुसऱ्या फेरीला ती रंगाऱ्याला वरच ठेवून कडेकडेने खालच्या कोयत्यासारख्या वळणावर जाऊन उभी राहिली.

थोरला गेला. मग धाकटा आला. वळणात गाडी मंदावली, त्याने पुन्हा पाय दिला आणि इंजिन चढू लागलं. मिनिटाला चार हजार वेढे, साडेचार. पाच हजाराला ते अडखळलं, माणूस घसा खाकरतो तसं खाकरलं आणि मग गात सुटलं.

बाई रस्त्याकडे एक पाऊल सरकली.

तो खाकरा सबंध जगात एकाच इंजिनाला होता. मिस्त्रीने त्याचा कॅमशाफ्ट, झडपा उघडणारा दांडा, हाताने घासला होता. तिसऱ्या सिलिंडरपाशी कानशीचा एक हात जास्त पडला. नवा घालू या, असं तीच म्हणाली होती. "राहू दे," तो हसून म्हणाला होता, "अंधारातही ओळखशील."

वरून रंगारी ओरडला, "थोरला तीस, हा अठ्ठावीस! धाकटा जिंकला!"

घरी आल्यावर बाई थेट मागच्या खोलीत गेली, कापड ओढलं, बोनेट उचललं. आत काही नव्हतं. रिकाम्या जागेतून खालची फरशी दिसत होती आणि तिच्यावर सकाळी तिनेच मारलेल्या झाडूच्या रेघा. हलक्या गाडीचं इंजिन काढलं की नाक वर येतं, हे पोरांना तिनेच शिकवलं होतं. आठ महिने ती सात बोटं मोजत होती आणि रिकामी पेटी पुसत होती.

दोघे मागोमाग आले. धाकट्याने मान खाली घातली नाही.

"कापडाखाली कुजलं असतं ते, आई. आज धावलं. बाबांना काय आवडलं असतं, सांग."

"मला विचारायचं होतंस."

"तू दिलं असतंस?"

बाई थोरल्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात. नाक तीन बोटं वर आलं होतं."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"पानेसेट हरवला होता, आठवतंय? पंधरा वर्षांचा होतो मी. हा विकून आला हे मी तुला सांगितलं, तेव्हा थोबाडीत कुणाला बसली?"

बाईने किल्ली काढून थोरल्यापुढे धरली.

"घे. तुझी आहे."

"मी हरलोय, आई. दोन सेकंदांनी." त्याचा आवाज साधा होता, तोच तिला जास्त लागला. "आणि तू एकदा बोललीस की बोललीस. चोरीचं असो, इंजिन त्याचंच चांगलं. पण त्याच्या हाताखाली मी राबणार नाही."

"मग कुठे जाशील?"

"जिथे माझं आधी ऐकून घेतील तिथे."

त्याने आपली हत्यारांची पेटी तेवढी उचलली. ती जड होती, तरी वाटेत एकदाही खाली ठेवली नाही. रंगारी दारापर्यंत गेला आणि परत आला.

बाईने किल्ली धाकट्याच्या हातात दिली नाही. नाकतोड्याच्या बोनेटवर ठेवली आणि पाठ फिरवली. निदान आज तरी तो उचलणार नाही, असं वेडं मन म्हणत होतं. पाच पावलंही झाली नसतील, तोच पत्र्यावर लोखंड घासल्याचा आवाज आला.

वर्कशॉप आता जोरात चालतं. गिऱ्हाईक आलं की धाकटा त्याला खाणीच्या रस्त्याला नेतो आणि एक मिनिट अठ्ठावीस सेकंदांची गोष्ट सांगतो. मागच्या खोलीतलं कापड बाईने पुन्हा काढलेलं नाही.

गाडी तो आता कोपऱ्यापर्यंत ढकलत नेत नाही. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच चालू करतो. पाच हजाराला ती घसा खाकरते. आईचं डोकं दुखतं का, हे तो आता विचारत नाही.