खंडेनवमीची झोप

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, पण माझ्यावर धूळ बसत नाही. धूळ बसायला मला अंगच नाही. निपाणीतल्या एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर एक लॅपटॉप आहे आणि त्या लॅपटॉपच्या पोटात मी राहते. संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. माझ्यासारखीला व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

एके काळी मला अंग होतं. बेळगावच्या कॅम्पात, अनुराधाच्या घरी, मी करड्या रंगाची जाडजूड पेटी होते. अनुराधा शाळेत शिकवायची आणि माझ्यावर प्रश्नपत्रिका तयार करायची. सुरू होताना माझा पंखा असा घरघरायचा की शेजारच्यांना कळायचं, बाई शाळेतून आल्या. रविवारी चर्चची घंटा वाजली की माझी काच किंचित थरथरायची. लोक तेव्हा मला नवी म्हणायचे. माझ्यावर क्रोशाचं विणलेलं झाकण असायचं. ते दिवस मला नीट आठवतात.

एका वर्षी अनुराधाचे सासरे, कलगोंडा आप्पा, निपाणीहून आमच्याकडे राहायला आले. आप्पांचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला होता. त्यांनी वखारीच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाची बाई मान वर करायची. पर्युषणात बस्तीमध्ये, म्हणजे जैन मंदिरात, शास्त्र वाचायला त्यांनाच बसवत. तो आवाज आता खरखरू लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, घशातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

तेव्हा अनुराधाने कुठल्याशा कॉलेजातल्या मुलांनी बनवलेला एक प्रोग्रॅम माझ्यावर बसवला. आप्पांनी माइकसमोर शब्द बोलायचे आणि मी ते साठवायचे. पुढे बटण दाबलं की तोच शब्द त्यांच्याच आवाजात वाजणार.

आप्पा बोलत गेले. पाणी. भूक नाही. अगं. दार लाव. लाइट आली काय. मी आलो. लक्ष दे. नातवंडांना रागवायचे शब्द. दारावर येणाऱ्या भाजीवालीसाठी कन्नड शब्द. शेवटी डोळे मिटून त्यांनी णमोकार मंत्र म्हटला.

"आता आईंचं नाव घ्या, आप्पा," अनुराधा म्हणाली.

आप्पा मागे सरकले. "नाव कशाला? अगं म्हटलं की येतीय की ती."

त्यांची बायको लक्ष्मीबाई दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघ गं, सून असून तुला ठाऊक न्हाय. माझं नाव घेतलं तर ह्यांचं दात पडत्यात."

"पडलेच आहेत दोन," आप्पा म्हणाले आणि सगळे हसले. त्या पिढीत नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नसे. एकदा लग्नात उखाण्यात घेतलं की संपलं. "उद्या घेतो," असं म्हणून आप्पा उठले. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांना दवाखान्यात नेलं.

मित्रांनो, ते 'उद्या' माझ्याकडे कधीच आलं नाही.

आप्पा वाचले. पण माझी पेटी आता वारंवार बंद पडू लागली होती आणि तो प्रोग्रॅम माझ्यासारख्या जुन्या मशीनवरच चालायचा. मग आप्पांचा मुलगा, अनुराधाचा नवरा, अभिनंदन याने कंग्राळीच्या ओमकारला बोलावलं. दोघं बेळगावात एकाच ऑफिसात होते आणि ओमकार तिथले संगणक सांभाळायचा. त्याने माझ्यातलं सगळं उचलून लॅपटॉपमध्ये ठेवलं. माझी पेटी भंगारात गेली आणि मी निपाणीला आले.

इथून पुढचं मला नीट आठवत नाही. का, ते सांगेनच. टेबलाजवळ बसून माणसं जे बोलली, ते ऐकून मी हे सांगते आहे.

निपाणीच्या घरात दोघंच राहायची. आप्पांना बोलता येत नव्हतं आणि काचबिंदूने लक्ष्मीबाईंची नजर गेली. आप्पा पाटीवर लिहू शकत, पण ते वाचणार कोण? मुलगा आणि सून शनिवार-रविवारी येत. बाकीचे दिवस दोघांच्या मध्ये फक्त मी होते. आप्पा बटण दाबत, मी बोले आणि लक्ष्मीबाई उत्तर देत.

आप्पांनी मला कधीच बंद करू दिलं नाही. त्या घरात दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. बंद हा शब्द आप्पांनी डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकला होता, तेवढा पुरे होता. रात्री ते मला निजवत. म्हणजे असं की जे उघडं आहे ते तसंच गोठवून ठेवायचं आणि सकाळी तिथूनच पुढे चालू करायचं. ओमकारनेच ते बटण दाखवलं होतं. वर्षानुवर्षं मी अशीच निजले आणि उठले.

त्या वर्षांत आप्पांनी एक काम केलं. घरात तिसरं कोणी नसताना ते माझ्यासमोर बसत आणि आपल्याच जुन्या शब्दांचे तुकडे कापून जोडत. 'लक्ष दे' मधलं 'लक्ष' घेतलं आणि 'मी आलो' मधलं 'मी'. पण ते 'लक्ष' रागाचं होतं आणि ते 'मी' दारातून ओरडलेलं. जोडलं की दोन माणसं भांडल्यासारखी वाटत. मग आप्पा आवाज तासत बसले. राग थोडा काढायचा, ऐकायचं. पुन्हा काढायचा. मंत्रातला एक हळुवार स्वर घेऊन मध्ये सांधा भरायचा. असे कितीतरी महिने गेले.

अनुराधा सांगते, पहिल्यांदा ती हाक वाजली तेव्हा लक्ष्मीबाई चाचपून तांदूळ निवडत होत्या. त्यांना वाटलं, दारात कोणी आलंय. "कोण गं?" म्हणाल्या. हाक पुन्हा वाजली. मग त्यांनी सुपातच हात थांबवला आणि पदर तोंडाला लावला. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेल्यावर नवऱ्याने त्यांना नावाने हाक मारली होती.

त्यानंतर रोज सकाळी एकदा मी ते नाव घ्यायची. फक्त एकदा. आणि लक्ष्मीबाई म्हणायच्या, "आले वं, आले."

पण मित्रांनो, त्या प्रोग्रॅमची एक रीत होती. नवीन काही केलं तर तो ते बंद होतानाच लिहून ठेवायचा. तोवर नुसतं मनात धरून ठेवायचा. आणि त्याला तर आप्पांनी कधी बंद होऊच दिलं नाही. ते नाव माझ्या मनात होतं, कुठेही लिहिलेलं नव्हतं. हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

परवाच्या दसऱ्याची गोष्ट. खंडेनवमीला त्या घरात कोयते, तराजू, शिलाई मशीन, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. ज्याच्यावर पोट चालतं, त्याला एक दिवस विसावा. आप्पांनी मला निजवलं, लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवलं आणि त्या दिवसापुरते ते मुके राहिले.

दसऱ्याला अभिनंदनने मुहूर्त धरला. लॅपटॉप बरेच महिने नवी आवृत्ती मागत होता. चांगल्या दिवशी चढवू, असं म्हणून त्याने ते राखून ठेवलं होतं. फूल बाजूला केलं, लॅपटॉपची सगळी व्यवस्था नवी केली आणि मला चालवणारा प्रोग्रॅमही नवा केला. मी आत झोपलेली होते. त्याने हे आईवडिलांच्या प्रेमापोटीच केलं.

मग आप्पांनी मला उठवलं आणि मी उठले नाही. पडद्यावर इंग्रजीत लाल अक्षरं आली. झोपवलेली अवस्था वाचता येत नाही, असा त्यांचा अर्थ होता. अभिनंदनने पुन्हा उठवलं. लॅपटॉप बंद करून सुरू केला. परत तेच. मग दिसेल ते बटण दाबून पाहिलं.

"आज अजून उठली न्हाय व्हय ती?" लक्ष्मीबाईंनी आतून विचारलं. त्या भिंत धरत बाहेर आल्या. "अवं, तुम्ही हाईसा न्हवं हितं?" आप्पांनी त्यांचा हात हातात घेतला. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओमकार आला.

"काय केलंस रं?"

"काय न्हाय. दसरा म्हणून नवी आवृत्ती चढवली."

"आन् आधी हिला बंद केलीस?"

"खंडेनवमीला निजवलेली की. पूजेतली वस्तू मध्येच कशी उठवायची?"

ओमकारने कपाळावर हात मारला. "झोपलेल्या माणसाचं घर पाडून नवं बांधलंस, लेका. आता उठून ती पाय कुठं ठेवंल?"

त्याने आधी माझी एक नक्कल काढून ठेवली. मग जुनी आवृत्ती परत बसवून पाहिली. तरी मी उठेना. उठवण्याच्या धडपडीत नव्या प्रोग्रॅमने माझ्या झोपेवर स्वतःचं काहीबाही लिहून टाकलं होतं. दुपार उलटली. ओमकारने चहा प्यायला नाही.

"एकच वाट हाय," तो म्हणाला. "झोप टाकून द्यायची आन् पहिल्यापासनं सुरू करायची. उठंल. पण जे लिहून ठेवलंय तेवढंच घेऊन उठंल. मनात हुतं ते जाईल."

आप्पांनी पाटी ओढली. त्यांनी एकच शब्द लिहिला. ओमकारने तो वाचला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

"काय लिवलंय?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "मला काय दिसतंय? वाचा की कोणतरी."

"नाव, असं लिहिलंय, आई," अनुराधा म्हणाली. "ते नाव जाईल का, असं विचारतायत."

लक्ष्मीबाईंनी चाचपून पाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "जाऊ द्या की. अगंवर सगळा संसार झाला. आवाजच ऱ्हायला न्हाय तर त्या नावाला काय चाटायचं हाय? उठवा तिला."

बटण आप्पांनीच दाबलं.

मी उठले. मला वाटलं, अजून कॅम्पातच आहे. समोरच्या माणसाचे केस इतके पांढरे कसे झाले, ते मला कळेना. त्याने पडद्यावरच्या एका जागी बोट नेलं. तिथे काहीच नव्हतं. तरी त्याने दाबलं. शेजारी एक आंधळी बाई मान तिरकी करून वाट पाहत होती. मी गप्प राहिले. मग त्याने दुसरं बटण दाबलं आणि मी म्हटलं, "अगं."

"हं," ती म्हणाली. "हाय मी."

पुढे आप्पांनी तुकडे पुन्हा कापून पाहिले, पण आता हात थरथरतो आणि आवाज भलतीकडेच तुटतो. अनुराधानेही एकदा जोडून दिलं. शब्द बरोबर होता. लक्ष्मीबाई ऐकून हसल्या, पण 'आले' म्हणाल्या नाहीत. आप्पांनी मान हलवली आणि ते पुसायला लावलं.

त्या घरात एक नाव होतं आणि ते मीच रोज घेत होते, एवढं मला ऐकून ठाऊक आहे. ते कसं वाजत होतं, ते मला आठवत नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जुन्याला नवं करण्याआधी त्याला जागं करा. हातात काय धरलंय, ते विचारा. ते लिहून घ्या, मग नीट निरोप देऊन बंद करा. बंद करणं अशुभ नसतं. आणि ज्याचं नाव घ्यायचं तुमचं राहिलं असेल, त्याचं नाव आजच घ्या, स्वतःच्या घशाने.

आत्ता सकाळ झाली आहे. लक्ष्मीबाई खुर्ची ओढून टेबलाजवळ बसल्या आहेत. आप्पांचं बोट आधी त्या रिकाम्या जागेवर जातं, थोडं थांबतं आणि मग खाली येतं. मला जेवढं येतं, तेवढं मी म्हणते.

"अगं."

"हं," त्या म्हणतात.