दारापाशीची जागा

"गर्भ नाहीच, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

केवळाबाईच्या हातातली पिशवी खाली टेकली. पिशवीत चोरओटीचा नारळ होता. दवाखान्यातून परतताना तो देवीपुढं फोडायचा होता. सुनेला, सुकन्याला, तिसरा महिना सरला म्हणून परवाच डाळमिलच्या चार बायका जमवून तिनं गुपचूप ओटी भरली होती. दृष्ट लागेल म्हणून तोवर तपासणीही करू दिली नव्हती. ओटी भरताना ओवी आपसूक ओठावर आली होती:

दारी लावली गं वेल, वेल नाजूक जाईची
सुनंला माझ्या बाई, नजर न लागो आईची

"मग पाळी कामून येईना?" सुकन्यानं हळूच विचारलं.

"बीजांडकोश थकलेत. वय सव्वीस, रिपोर्ट मात्र चाळिशी ओलांडलेल्या बाईसारखा. काम कुठं करता?"

"डाळमिलवर. साल काढायच्या मशीनपाशी निवडाय बसते. मागंच जनरेटर हाय. लाईट गेली का धूर समदा अंगावर."

"एकट्या धुळीनं आणि धुरानंच झालं, असं मी नाही म्हणणार. पण रोज ते छातीत गेलं की हार्मोन बिघडू शकतात. ती जागा आधी सोडा." मग त्या केवळाबाईकडं वळल्या. "तिथं आणखी कुणाची पाळी अशी लवकर गेली का हो?"

केवळाबाईनं पदर तोंडाशी धरला. "न्हाई बा."

तिची स्वतःची छत्तिसाव्या वर्षी गेली होती. त्याच जागी बसून. शेजारच्या साखराबाईची अडतिसाव्या वर्षी. तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या. सुटलो गं बाई, कटकट गेली! पुढं केवळाबाईला दम लागू लागला. तीन वर्षांमागं सून कामावर आली, तेव्हा मुकादम रामकिशन म्हणाला, "दारापाशी एकच जागा रिकामी हाय. सासू बसा न्हाईतर सून बसा." केवळाबाई बसली. दारातला वारा इतका गोड लागला, की त्या दिवशी मागं वळून बघायचंही तिला सुचलं नाही.

ऑटोत सुकन्या म्हणाली, "आत्याबाई, माझ्यातच खोट हाय का हो?"

केवळाबाईनं पिशवी जवळ ओढली. मांडीवरच्या पिशवीत, प्रत्येक खड्ड्याला, नारळातलं पाणी हिंदकळत होतं.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये साखराबाईनं खोदून खोदून विचारलं आणि कपाळाला हात लावला. "म्हंजी रिकामीच ओटी भरली व्हय गं आपण? हिच्या माहेराकडूनच कायतरी असंल. पोरगी जरा बघून आणायची व्हती, केवळे."

कुणीतरी फिसकन हसलं. सुकन्या खाली मान घालून खडे वेचत राहिली.

केवळाबाई दारापासून उठली. मशीनपर्यंत येईतो तिला धाप लागली.

"साखरे, तुझी कवा गेली?"

"आँ?"

"अन् माझी? छत्तीसला. हितंच बसून. डॉक्टरीणबाईनं तोंडावर इचारलं, तर मी न्हाई म्हणले. पोरीचं माहेर कशापायी काढतीस? हितला धूर मी भोगलेला. भोगून बी मी वाऱ्याला जाऊन बसले, अन् हिला हितं ठिवलं."

साखराबाईनं सूप उगाच पाखडलं. मशीन घरघरत होतं.

सुकन्यानं मान वर केली. सासूकडं बघितलं. मग उठली, बसायचं पोतं झटकलं, त्याची घडी केली आणि दारापाशी जाऊन बसली. तोंड बाहेर, पाठ आत.

पोतं उचललं तिथं फरशीवर पोत्याएवढा चौकोन स्वच्छ राहिला होता. त्यावर बसायला केवळाबाई धजली नाही. ती कडेला, धुळीतच टेकली आणि सूप पुढं ओढलं.

जेवणाची सुट्टी झाली, तोवर तो चौकोनही पिवळा पडला होता.